पोस्टर कलरनंतर अ‍ॅक्रिलिक : सुरुवात कशी करावी?

निळाई (नागपूर)

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पोस्टर कलरच्या जोरावर दिल्या. पुढे विज्ञान शाखा, नोकरी आणि संसार यांच्या ओघात ब्रश बाजूला पडला तो पडलाच. आता संध्याकाळचा थोडा वेळ हक्काने माझा झाला आहे आणि अ‍ॅक्रिलिक रंगांत निसर्गचित्रे व स्थिरचित्रे करून पाहावीत असे मनात आहे. साहित्य आणायला दुकानात गेले तेव्हा मात्र गोंधळ उडाला. विद्यार्थ्यांसाठीचे रंग वेगळे, कलाकारांसाठीचे वेगळे. सारख्याच आकाराच्या दोन नळ्यांच्या किमतींत दुपटीहून अधिक फरक. शिवाय गेसो, रिटार्डर, ग्लेझिंग मीडियम, जेल अशा बाटल्यांची रांग. दुकानदाराने चोवीस रंगांचा संच पुढे केला, पण मी काहीच न घेता परत आले.

सुरुवातीला नेमके कोणते रंग घ्यावेत, कागदावर काम करावे की कॅनव्हासवर, आणि या बाटल्यांपैकी खरोखर गरजेचे काय, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. आणखी एक शंका आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पोस्टर कलरसुद्धा पॅलेटवर बघता बघता वाळत असे; तेव्हा अ‍ॅक्रिलिकचे काय होत असेल?

जुना कुंचला (पुणे)

निळाईताई, संच न घेता परतलात हे उत्तम केलेत. चोवीस नळ्यांपैकी निम्म्या अशा असतात, की त्यांतले रंग उरलेल्या निम्म्यांतून घरीच तयार करता येतात.

आपण शंका शेवटी विचारली आहे, पण उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो, कारण साहित्याचे बाकीचे सगळे निर्णय हा रंग वाळतो कसा यावर अवलंबून आहेत. पोस्टर कलरमध्ये रंगद्रव्याला धरून ठेवणारा पदार्थ डिंकाच्या जातीचा असतो. तो पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणूनच वाळलेल्या थरावर ओला ब्रश फिरवला की खालचा रंग उठून वर येतो आणि निळ्या आकाशावर काढलेले पिवळे फूल परीक्षेच्या शेवटच्या अर्ध्या तासात हिरवट होऊन बसते. अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगद्रव्याबरोबर अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना भिडतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा अखंड पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. अशा पद्धतीचे, पाण्यात मिसळणारे कलाकारांचे अ‍ॅक्रिलिक रंग अमेरिकेत लिक्विटेक्स या नावाने १९५५ च्या सुमारास बाजारात आले. म्हणजे तैलरंगांच्या मानाने हे माध्यम अगदीच कोवळे आहे.

या एका गुणधर्मातून पुढचे सगळे निघते. वाळलेल्या थरावर कितीही वेळा काम करता येते आणि खालचा थर हलत नाही. नको असलेला भाग सरळ झाकून पुन्हा रंगवता येतो. याउलट, पॅलेटवर वाळलेला रंग कायमचा गेला आणि ब्रशच्या मुळाशी वाळलेला रंग ब्रशसकट गेला. म्हणून काम चालू असताना हातातला नसलेला प्रत्येक ब्रश पाण्यात असला पाहिजे. पण केसांवर उभा करून नव्हे, कारण तसे ठेवल्यास टोक कायमचे वाकते. पसरट थाळीत थोडे पाणी घेऊन त्यात ब्रश आडवे ठेवावेत, म्हणजे केस भिजतात आणि पत्र्याच्या टोपीच्या वरचे लाकूड कोरडे राहते. काम संपल्यावर साध्या अंगाच्या साबणाने तळहातावर घोळवून, टोपीजवळून निघणारा फेस पांढरा होईपर्यंत धुवावे.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी ओली पॅलेट करून घ्या. ती विकत घेण्याची गरज नाही. मिठाईचा किंवा जेवणाचा पसरट, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी ओल्या सुती कापडाची चौपदरी घडी किंवा पातळ स्पंज अंथरावा आणि त्यावर केक भाजताना वापरतात तो कागद भिजवून पसरावा. कापड चिंब असावे, परंतु कागदावर पाण्याचे तळे साचता कामा नये. रंग या कागदावर काढले की खालून ओलावा मिळत राहतो, आणि झाकण लावून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीही ते वापरता येतात. फार दिवस बंद ठेवले तर मात्र कापडाला कुबट वास येतो, तेव्हा ते अधूनमधून धुवावे. कूलरसमोर बसून काम करणार असाल तर झोत थेट पॅलेटवर येऊ देऊ नका. कूलरची हवा दमट असली तरी वाहत्या हवेने रंगावर लगेच साय धरते.

बाटल्यांपैकी पहिल्या महिन्यात कोणतीही नको. पाण्याची फवारणीची एक छोटी बाटली तेवढी जवळ असू द्या.

रंगपेटी (ठाणे)

जुना कुंचला यांनी रंग वाळण्याविषयी सांगितले; मी नळ्यांविषयी सांगते.

माझ्या मते सात नळ्या पुरेशा आहेत : टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, एखादा उबदार लाल, क्रिमसन किंवा मॅजेंटा, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर. पांढरा रंग इतरांच्या दुप्पट-तिप्पट लागतो, म्हणून त्याची मोठी नळी घ्यावी. काळा मुद्दाम घेऊ नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सारख्या प्रमाणात मिसळल्यास जवळजवळ काळा रंग मिळतो. निळा किंचित वाढवला तर तो थंड होतो, तपकिरी वाढवला तर उबदार होतो, आणि त्यात पांढरा मिसळून मिळणारे करडे रंग नळीतल्या काळ्यापासून केलेल्या करड्यांपेक्षा किती तरी जिवंत दिसतात. सावल्यांमध्ये तयार काळा वापरण्याची पोस्टर कलरची सवय अशाने आपोआप सुटते.

आता नळीवरचे लिखाण. कंपन्या रंगांना काहीही नावे देतात, परंतु नळीच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा जागतिक क्रमांक असतो आणि तोच खरा. टिटॅनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. एकाच क्रमांकाची नळी घेतली तर मिश्रणे स्वच्छ होतात. जिच्यावर तीन-तीन क्रमांक आहेत ती नळी मुळातच मिश्रण असते, आणि अशा दोन नळ्या एकत्र केल्या की गढूळपणा येतो. नावापुढे ‘ह्यू’ असेल, तर महागड्या मूळ द्रव्याऐवजी त्याच्यासारखी दिसणारी दुसरी द्रव्ये वापरली आहेत असे समजावे. ते वाईटच असते असे नाही. काही लाल-पिवळ्या रंगांत असणाऱ्या कॅडमियम या धातूच्या बाबतीत तर नवशिक्याने ‘ह्यू’च घ्यावा, कारण कॅडमियमची संयुगे विषारी असतात आणि थर घासताना धूळ उडाली तर ती श्वासावाटे आत जाऊ शकते. सिरीज १, २, ३ हे आकडे दर्जाचे नसून रंगद्रव्याच्या किमतीचे असतात. मातीपासून केलेले ऑकर आणि अंबर बहुधा सिरीज १ मध्येच सापडतात, आणि तरीही ते कपाटातल्या सर्वांत टिकाऊ रंगांपैकी असतात.

नळीवर एक छोटा चौकोनही असतो. तो भरलेला असेल तर रंग अपारदर्शक, रिकामा असेल तर पारदर्शक आणि अर्धा असेल तर मधला. यलो ऑकर झाकतो, अल्ट्रामरीन झाकत नाही. हे ठाऊक नसल्यामुळेच अनेकांना एकाच कंपनीची एक नळी चांगली आणि दुसरी भेसळीची वाटते.

निसर्गचित्रांसाठी एक सूचना. अल्ट्रामरीन आणि लेमन यलो यांतून मिळणारा हिरवा दबलेला, किंचित राखी असतो. ऑक्टोबरनंतरच्या डोंगरउतारांना तो अगदी जुळतो. जुलैतल्या भातखाचरांचा कोवळा, डोळ्यांत भरणारा हिरवा मात्र त्यातून येत नाही, त्यासाठी थॅलो ब्लू लागतो. तो आठवी नळी म्हणून नंतर घ्या आणि ब्रशच्या टोकाला लागेल इतकाच वापरा, कारण त्याची रंगवण्याची ताकद एवढी आहे की मोहरीएवढा थेंब वाटीभर पांढऱ्याला निळा करतो.

तिरकस रेषा (नाशिक)

क्रमांक आणि द्रव्ये यांत शिरण्यापूर्वी साधी गोष्ट सांगतो. नवशिक्याने विद्यार्थी दर्जाचे रंगच घ्यावेत. महागडी नळी हातात असली की माणूस वाटाण्याएवढा रंग काढतो, त्यात पाणी घालून तो पुरवतो आणि मग चित्र फिके, रेघारेघांचे होते. स्वस्त रंग सढळ हाताने वापरता येतो, आणि हात मोकळा होणे ही पहिल्या वर्षातली मोठी कमाई आहे. आपल्याकडे कॅमलचे रंग तालुक्याच्या गावीही मिळतात. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या या घराण्याच्या रंगांवर महाराष्ट्रातल्या किती तरी पिढ्या चित्रकला शिकल्या आहेत. त्यात कमीपणा कसला?

रंगपेटी (ठाणे)

कमीपणाचा प्रश्नच नाही, आणि कॅमलमध्येही कलाकारांसाठीची वेगळी श्रेणी आहेच. माझा मुद्दा एवढाच आहे, की स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त असतो, त्यामुळे जो भाग चांगल्या रंगाने दोन थरांत झाकला जातो त्याला चार थर लागतात आणि बचत तिथेच संपते. सढळ हाताविषयी मात्र आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. मध्यम मार्ग असा, की पांढरा आणि मातीचे रंग कोणत्याही दर्जाचे चालतील. लाल, क्रिमसन आणि पिवळा चांगल्या दर्जाचे घ्यावेत, कारण स्वस्त श्रेणीत सर्वाधिक फरक तिथेच पडतो आणि उजेडाने फिके पडण्याचा धोकाही तिथेच अधिक असतो.

सागरवेळ (रत्नागिरी)

पृष्ठभागाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

सरावासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, कागद सर्वोत्तम. त्याच्या चारही कडा मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवल्या की तो फारसा फुगत नाही. पुण्यात जाणे झाले तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाड कागद आणून पाहावा; त्याचा खरखरीतपणा कोरड्या ब्रशच्या कामाला फार साथ देतो. कॅनव्हास बोर्ड स्वस्त आणि सोयीचा असतो, पण आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तो हमखास वाकडा होतो. नागपूरला ती अडचण कमी जाणवेल. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास घेताना मागून पाहावे : कोपऱ्यांत लाकडाच्या पाचरा असतील तर पुढे सैल पडल्यावर त्या ठोकून तो पुन्हा ताणता येतो. बाजारातला बहुतेक कॅनव्हास आधीच प्राइम केलेला, म्हणजे अस्तर दिलेला, असतो. खात्री करायची असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकावा. तो तसाच मण्यासारखा राहिला तर प्राइमिंग आहे, कापडात जिरला तर नाही.

गेसो म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या बंधकात, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या पदार्थात, खडूची भुकटी आणि टिटॅनियम व्हाइट मिसळून केलेले अस्तर. त्यामुळे पृष्ठभाग किंचित शोषक होतो आणि रंगाला पकड मिळते. तयार कॅनव्हासवर तो सक्तीचा नाही. तरीही स्वस्त कॅनव्हासची विण फार उघडी असेल तर एक-दोन हात द्यावेत, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. मधे ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवावा आणि त्या वेळी नाकाला रुमाल बांधावा. भिंतीचे डिस्टेंपर गेसो म्हणून वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. त्यात बंधक फार कमी असल्यामुळे बोट फिरवले तरी पांढरी भुकटी हाताला लागते, आणि ज्या अस्तराची भुकटी सुटते त्यावरचा रंगही त्याच्याबरोबर सुटतो. भिंतीचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर सरावाच्या फळीला चालेल. जपून ठेवायच्या चित्राला नको.

फळीवरून आठवले. सुताराकडून एमडीएफचे किंवा प्लायचे तुकडे कापून आणले तर ते कॅनव्हासपेक्षा स्वस्त पडतात आणि वाकत नाहीत, परंतु त्यांवर थेट गेसो लावला तर काही दिवसांनी पांढऱ्यात पिवळसर-तपकिरी डाग उमटतात. लाकडातली पाण्यात विरघळणारी द्रव्ये गेसोतल्या पाण्याबरोबर वर येतात, त्यामुळे हे घडते. उपाय सोपा आहे : आधी अ‍ॅक्रिलिक मीडियमचे, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या बंधकाचे, दोन हात सर्व बाजूंनी, कडांसकट, द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच गेसो लावावा.

निळाई (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. रंगपेटीताईंच्या यादीप्रमाणे सात नळ्या आणल्या, कृत्रिम केसांचे दोन चपटे, एक गोल आणि एक हॉग हेअरचा (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घेतला, ओली पॅलेट केली. ती विलक्षण उपयोगी ठरली. गेल्या काही आठवड्यांत कागदावर रंगांचे तक्ते केले आणि त्यानंतर पितळी तांब्या व दोन संत्री असे स्थिरचित्र केले.

आता अडचणी. पहिली अशी, की मिसळताना नेमका जुळलेला रंग वाळल्यावर काळवंडतो. दुसरी, मागची भिंत डावीकडून उजवीकडे हळूहळू गडद होत जायला हवी होती, पण तिच्यात पट्टे पडले. जुळवायला गेले तर अर्धवट वाळलेला रंग ब्रशबरोबर उचकटून आला. तिसरी, तांब्या पितळी दिसतच नाही, पिवळ्या मातीचा दिसतो.

जुना कुंचला (पुणे)

पहिली अडचण सगळ्यांनाच येते. ओले असताना अ‍ॅक्रिलिकचे बंधक दुधासारखे पांढुरके असते आणि वाळल्यावर ते पारदर्शक होते. म्हणजे आपण मिसळलेल्या रंगात वाळेपर्यंत एक खोटा पांढरा मिसळलेला असतो. गडद रंगांत हा फरक अधिक दिसतो, पांढरा भरपूर असलेल्या रंगांत कमी. म्हणून महत्त्वाचा रंग जुळवताना त्याचा एक फटकारा टाकाऊ कागदावर मारून तो हेअर ड्रायरने वाळवावा आणि वाळलेल्या रंगाशी ताडून पाहावे. काही दिवसांनी रंग एक पायरी उजळ मिसळण्याची सवय हाताला आपोआप लागते.

उचकटणाऱ्या रंगाविषयी नियम असा, की अ‍ॅक्रिलिकला ओले असताना हात लावावा किंवा पूर्ण वाळल्यावर. मधल्या चिकट अवस्थेत हात बांधून बसावे. भिंतीची उतरती छटा हवी असेल तर तीन-चार मिश्रणे आधीच तयार ठेवावीत, कागदावर पाण्याची हलकी फवारणी करावी, मोठ्यात मोठ्या चपट्या ब्रशने चारही पट्टे भराभर भरावेत आणि दुसऱ्या, नुसत्या ओलसर ब्रशने सांध्यांवरून आडवे हात मारावेत. हे सगळे दोन-तीन मिनिटांत आटोपावे लागते. त्यासाठीच रंग वाळणे लांबवणारा रिटार्डर असतो, पण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा तो जास्त झाला तर रंग दिवसचे दिवस चिकट राहतो. मला स्वतःला दुसरी वाट अधिक आवडते. पट्टे पडू द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत. मग हॉग हेअरच्या ब्रशवर मधल्या छटेचा जाडसर रंग घ्यावा, तो जुन्या फडक्यावर जवळजवळ पुसून टाकावा आणि सांध्यांवर हलक्या, गोलाकार हाताने घासावा. खालचा पट्टा वरच्या विरळ रंगातून डोकावत राहतो आणि डोळा दोन्ही जोडून घेतो. तैलरंगांतली मऊ मिसळण अ‍ॅक्रिलिककडून करून घेण्याच्या हट्टापायी पुष्कळ लोक हे माध्यम सोडून देतात. त्याचा स्वभाव थरांचा आहे, तेव्हा थरांनीच काम घ्यावे.

पाण्याविषयी एक इशारा. छटा पातळ करण्यासाठी नुसते पाणी वाढवत गेलात तर बंधक विरळ होते, आणि न शोषणाऱ्या पृष्ठभागावर असा थर कच्चा राहतो. ओल्या फडक्याने पुसल्यास निघूही शकतो. कागदावर जलरंगासारखे काम करताना ते खपते. कॅनव्हासवर पारदर्शक थर द्यायचे असतील तर पाण्याऐवजी ग्लेझिंग मीडियम, म्हणजे पारदर्शक थरांसाठीचे बिनरंगी बंधक, वापरावे. आपली पहिली बाटली घ्यायची वेळ आता आली आहे, ती हीच.

तांब्याविषयी. पितळ पिवळे असते म्हणून ते पितळी दिसत नाही; त्याच्या उजेडाच्या आणि अंधाराच्या सीमा धारदार असतात म्हणून दिसते. आपल्या तांब्याकडे डोळे किलकिले करून पाहा. गळ्याखाली जवळजवळ काळी, टोकदार कडांची पट्टी असेल. ती अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि किंचित क्रिमसन यांची करा. पोटावर शेजारच्या संत्र्याचे वाकडे प्रतिबिंब असेल. ते यलो ऑकरमध्ये लाल घालून, संत्र्यापेक्षा एक पायरी गडद रंगवा. सावलीच्या बाजूच्या अगदी कडेला भिंतीचा परतलेला, हिरवट राखी उजेड असतो, आणि नवशिके तोच गाळतात. हे सगळे वाळल्यावर ग्लेझिंग मीडियममध्ये यलो ऑकरचा पातळ थर पूर्ण तांब्यावरून फिरवा, म्हणजे तुकडे एका धातूचे वाटू लागतील. चकाकी सर्वांत शेवटी : पांढऱ्यात लेमन यलोचा अंश, ब्रशच्या टोकावर जाड रंग, एकच ठिपका, आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. सोनेरी नळी विकत घेऊ नका.

सपाट रंग (मुंबई)

चर्चा वास्तववादी चित्रांकडे झुकली आहे, म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. अ‍ॅक्रिलिकचे खरे सामर्थ्य सपाट, एकसंध रंगक्षेत्रांत आहे असे मला वाटते. चित्रकार तय्यब मेहतांचे १९९५ चे ‘सेलिब्रेशन’ किंवा १९९७ चे ‘महिषासुर’ ही दोन्ही अ‍ॅक्रिलिकमधली चित्रे आहेत, आणि त्यांतल्या रंगांच्या सीमा पाहिल्या की हे माध्यम त्यांना इतके का मानवले ते कळते. निळाईताई नागपूरच्या आहेत म्हणून सांगतो : नागपुरात चित्रकलेचे शिक्षण घेऊन पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आलेले चित्रकार सय्यद हैदर रझाही बरीच वर्षे तैलरंगांत काम केल्यानंतर अ‍ॅक्रिलिककडे वळले. त्यांचे १९८३ चे ‘सौराष्ट्र’ हे प्रचंड चित्र अ‍ॅक्रिलिकमध्येच आहे.

सपाट क्षेत्र एका थरात येत नाही. सायीइतका दाट रंग, मऊ कृत्रिम केसांचा रुंद ब्रश आणि दोन किंवा तीन पातळ थर, प्रत्येक थर आधीच्याशी काटकोनात. रंग मात्र सर्व थरांना पुरेल इतका एकदाच मिसळून झाकणाच्या डबीत ठेवावा. दुसऱ्यांदा तोच रंग जुळणे कठीण असते. धारदार कडेसाठी मास्किंग टेप सगळेच लावतात, तरी खाली रंग झिरपतो. त्यावर युक्ती अशी : टेप लावून कड नखाने दाबावी, मग टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा किंवा बिनरंगी मॅट मीडियमचा पातळ हात द्यावा. जे झिरपायचे ते हेच झिरपते, आणि ते दिसत नाही. तो वाळला की फट बुजलेली असते; त्यावर नवा रंग लावावा आणि रंग पूर्ण कडक होण्यापूर्वी टेप मागे, पृष्ठभागालगत दुमडून ओढावी.

तिरकस रेषा (नाशिक)

टेपची युक्ती करून पाहिली. कड सुरीने कापल्यासारखी आली. आभारी आहे.

एक घरगुती बाब कोणी लिहिली नाही. रंगाचे गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नये. त्यातले पॉलिमर पाइपच्या वळणात बसते आणि पुढे प्लंबरला बोलवावे लागते. पाणी बादलीत रात्रभर राहू द्यावे, वरचे निवळलेले काढून टाकावे आणि तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात टाकावा. कपड्यांवर पडलेला रंग तत्काळ धुतला तरच निघतो.

हिमवर्षा (टोरांटो)

नागपूरच्या उन्हाळ्याची चर्चा वाचून इथल्या हिवाळ्याची अडचण लिहावीशी वाटली, कारण परदेशातले वाचकही हा धागा पाहत असतील. सुमारे १० अंश सेल्सियसच्या खाली पॉलिमरचे कण नीट जुळत नाहीत. थर वाळल्यासारखा दिसतो, पण तो कमजोर होतो आणि पुढे भेगाळतो. त्यामुळे बिनहीटरच्या गॅरेजमध्ये ऑक्टोबरनंतर काम करू नये. नळ्या गोठल्या तर रंगाच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून ऐन थंडीत कुरियरने रंग मागवताना विचार करावा. वाळलेले चित्रही गारठ्यात ठिसूळ होते. भारतातून गुंडाळून आणलेला कॅनव्हास घरात आल्या आल्या उलगडू नये. एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

निळाई (नागपूर)

तांब्या पुन्हा केला. गळ्याखालची काळी पट्टी करताना हात थरथरला, परंतु ती पट्टी बसताच तो पितळेचा झाला, हे खरे. आता हे चित्र कॅनव्हासवर मोठे करून मुलीकडे बंगळुरूला पाठवायचे आहे. व्हार्निश लावणे गरजेचे आहे का, आणि कॅनव्हास गुंडाळून पाठवता येईल का?

सागरवेळ (रत्नागिरी)

व्हार्निश लावावे. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा आपल्या हवामानात कायमच किंचित मऊ राहतो आणि धूळ धरून ठेवतो. व्हार्निशमुळे धूळ वरच राहते आणि रंगांचा निस्तेज भाग व चकचकीत भाग एकसारखा दिसतो. पातळ थरांचे चित्र दोन आठवडे तरी वाळू द्यावे, जाड थर असतील तर त्याहून अधिक. काढता येणारे व्हार्निश घेतल्यास काही वर्षांनी ते उतरवून नवे लावता येते. त्यापूर्वी बिनरंगी ग्लॉस मीडियमचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे व्हार्निश उतरवताना रंगाला धक्का लागत नाही. मुसळधार पावसाच्या दिवसांत हे काम करू नये, कारण दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येऊ शकते.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली तर पापुद्रा दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात. नळी जितकी रुंद तितके चांगले, हाताच्या वितीपेक्षा अरुंद नको. रंगावर बबल रॅप थेट कधीही लावू नये. उन्हात तापलेल्या गाडीतून पार्सल गेले की त्याचे गोल ठसे चित्रावर उमटतात आणि ते जात नाहीत. ओल्या पॅलेटसाठी आणलेला केकचा कागद इथेही उपयोगी पडेल, कारण तो चिकटत नाही : आधी तो, त्यावर मऊ कापड आणि मग हवा तेवढा बबल रॅप. चित्र चौकटीवर ताणलेलेच पाठवणार असाल तर पुठ्ठ्याचे कोपरे लावून ते पुढच्या बाजूला कशालाही टेकणार नाही असे बांधावे, आणि मुलीला सांगावे की भिंतीवर लावताना बाहेरची, पावसात ओल धरणारी भिंत टाळावी, नाहीतर मागच्या कापडाला बुरशी धरते.